चौथ्या लॅपनंतर ब्रेक पेडल खाली जातं? सुटे भाग विकत घेण्याआधी हे तपासा

ट्रॅकवर गाडी वेगात चालवायला शिकणाऱ्यांची माझ्याकडे येणारी सगळ्यात नेहमीची तक्रार इंजिनची नसते, टायरचीही नसते. पहिले तीन लॅप मजेत जातात. चौथ्या-पाचव्या लॅपला, लांब सरळ पट्टा संपताना ब्रेकवर पाय ठेवावा तर पेडल रोजच्यापेक्षा खोल जातं. पोटात गोळा येतो आणि गाडी कशीबशी वळणात शिरते. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी) येऊन अर्धा तास थांबलं की पेडल पुन्हा ठणठणीत. मग "भास झाला असेल" म्हणत पुढच्या सत्रात तेच. तिसऱ्यांदा झालं की मंडळी थेट मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग) शोधायला लागतात.

थांबा. हा दोष मी एवढ्या गाड्यांवर पाहिलाय की आता जॅक लावण्याआधी प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा गडबड दोनच ठिकाणी निघते: बॉनेटखालच्या डबीतल्या जुन्या ब्रेक ऑइलमध्ये, नाहीतर चालवणाऱ्याच्या पायात. दोन्ही दुरुस्त्या मोठ्या कॅलिपरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

हे पाहण्याआधी एक गोष्ट. चालू लॅपमध्येच पेडल खाली गेलं तर भराभर दोन-तीनदा पंप करा, बहुतेकदा थोडा दाब परत मिळतो. सोबत एकेक गिअर खाली आणा. वळण साधणार नाही असं वाटलं तर स्टिअरिंग ओढू नका. चाकं सरळ ठेवून वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे रनऑफमध्ये जा, ती जागा त्यासाठीच ठेवलेली असते. इंजिन बंद करू नका, पायाचा दाब वाढवणाऱ्या बूस्टरची मदत जाते. आणि "एवढा लॅप पूर्ण करतो" हा विचार डोक्यातून काढा.

लक्षणं: नेमकं कोणतं पेडल?

"ब्रेक लागत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. म्हणून आधी पायाला काय जाणवलं ते आठवा.

पेडल मऊ, स्पंजासारखं, खोल जाणारं. पंप केल्यावर थोडं वर येणारं. गाडी गार झाल्यावर बरंचसं सुधारणारं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. यातला फसवा प्रकार असा की सत्र संपताना पेडल ठीक असतं आणि पिटमध्ये दहा मिनिटं उभं राहून पुन्हा निघताना ते मऊ लागतं. कारण गाडी थांबली की वारा थांबतो आणि डिस्कमधली उष्णता निवांतपणे पॅडमधून कॅलिपरमध्ये झिरपते. अशा वेळी ऑइल धावताना नाही, विसावताना उकळतं.

पेडल दगडासारखं घट्ट, उंचीही नेहमीचीच, पण गाडी थांबायला मागत नाही. हे पॅडचं काम. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कोसळते. बहुधा जळका, उग्र वासही येतो.

पहिला दाब रिकामा, दुसरा एकदम भक्कम. विशेषतः कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढल्यावर किंवा जोरदार वळणानंतर. याला नॉक-बॅक म्हणतात. डिस्क किंचित डुलते, पॅडला आणि पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे ढकलते. पुढच्या दाबाचा पहिला भाग ती फट भरण्यातच जातो. इथे ऑइलचा काही दोष नसतो.

चौथं म्हणजे पेडलवर एकसारखा दाब धरला तरी ते हळूहळू तळाकडे सरकत राहणं. गाडी गार असतानाही असं होत असेल तर हा लेख इथेच सोडा आणि मेकॅनिकला फोन करा. तो ट्रॅकचा त्रास नाही, मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचा) आहे किंवा कुठेतरी गळती आहे.

पेडलला थरथर येत असेल तर तो वेगळा विषय. थोडक्यात एवढंच, की "डिस्क वाकली" हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटलेला असतो. तापलेली गाडी उभी करून पेडल दाबून धरलं की नेमकं हेच होतं.

आधी थोडा हिशेब

रस्त्यावर वर्षानुवर्षं न कुरकुरणारे ब्रेक ट्रॅकवर दहा मिनिटांत का दमतात? दीड टनाला थोडी कमी, म्हणजे १४०० किलोची गाडी धरा. महामार्गावर तुम्ही ती १०० वरून ६० वर आणता तेव्हा साधारण साडेतीन लाख ज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच लागते. तीच गाडी ट्रॅकवर २०० वरून ८० वर आणा. आकडा १८ लाखांच्या वर जातो, म्हणजे पाच लिटरहून जास्त पाणी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्याचा हा परिणाम. आणि हे एका वळणाला! पुढचं वळण वीस सेकंदांवर उभं असतं.

ही उष्णता डिस्कने हवेत सोडायची असते. सोडायला वेळ मिळाला नाही की ती मागे सरकते: पॅड, पिस्टन, ऑइल. पुढच्या सगळ्या तपासण्या हाच प्रवास कुठे अडवायचा याच्या आहेत.

बिनखर्चाच्या तपासण्या

पायाखालचं मॅट बघा. हसू नका. पेडलच्या मागे मॅट गोळा होऊन पूर्ण दाब न बसल्याच्या दोन तक्रारी मी स्वतः मॅट काढून "दुरुस्त" केल्या आहेत. ट्रॅकवर मॅट काढूनच जायचं.

पेडल घट्ट असण्याची तक्रार असेल तर बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट होईल. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टरच संशयित. पॅडवर खर्च करण्याआधी हे कळलेलं बरं.

आता पायाकडे येऊ. इथे लोकांना राग येतो, पण हा भाग मी कधीच गाळत नाही.

एकदा एका मुलाच्या शेजारी बसलो होतो. गाडी उत्तम, पॅड ट्रॅकचे, ऑइल आठवड्यापूर्वी बदललेलं. तरी पाचव्या लॅपला पेडल मऊ. मी त्याच्या पायाकडे बघत बसलो. सरळ पट्टा संपायच्या खूप आधी तो ब्रेकला स्पर्श करायचा, हलका. मग थोडा जास्त. मग वळण जवळ आल्यावर घाबरून पूर्ण. वळणात शिरल्यावरही पाय तिथेच, जणू पेडल म्हणजे कठडा. शिवाय जिथे ब्रेकची गरजच नाही अशा दोन वेगवान वळणांत मनाच्या समाधानासाठी एकेक टपली. लॅपमध्ये सहा वेळा ब्रेक पुरायला हवा होता, मी अकरा मोजले.

हिशेबाने वेग तेवढाच कमी केला तर उष्णताही जवळपास तेवढीच. मग फरक कुठे पडतो? वेळेत. पॅड डिस्कला दुप्पट वेळ चिकटून राहिला की उष्णतेला मागे झिरपायला दुप्पट वेळ मिळतो आणि डिस्कला गार व्हायला तेवढा कमी. म्हणून ब्रेक कमी वेळ, पण ठाम लावायचा. पेडलला लाथ घालायची नाही. पहिल्या क्षणातच भरपूर दाब, मग वळणाकडे जाताना तो हळूहळू सोडायचा. शिकताना ब्रेकिंगची खूण ठरलेली ठेवा, म्हणजे अंतराचा फलक किंवा डांबराचा बदललेला रंग. खूण नसली की भीती ब्रेक लावते.

हे स्वतःला जाणवत नाही, म्हणून मागच्या गाडीतल्या मित्राला तुमच्या गाडीचा व्हिडिओ काढायला सांगा आणि लाल दिवे मोजा. कोणी डावा पाय पेडलवर टेकवून ठेवत असेल तर तेही तिथेच दिसतं.

दुसरी बिनखर्चाची गोष्ट म्हणजे लॅपची संख्या. साधी रस्त्यावरची स्पोर्ट्स कार चार-पाच वेगवान लॅप, मग एक थंड लॅप, अशी चालवा. थंड लॅप म्हणजे वरचा गिअर, ब्रेक जवळजवळ नाहीच, आरशात लक्ष आणि मागच्यांना वाट. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा. दोन-तीन मिनिटांनी गाडी हातभर पुढे ढकला, म्हणजे पॅडखालचा डिस्कचा तोच तोच भाग भाजत राहणार नाही. दुसऱ्या गाडीच्या शेपटीला चिकटून पाच लॅप मारलेत तर त्या दिवशीचा निकाल धरूच नका. तुमच्या ब्रेकला तिची गरम हवा मिळत होती.

ट्रॅकचाही विचार करा. मोंझासारख्या ट्रॅकवर लांबलचक पट्टे आणि त्यांच्या टोकाला अगदी हळू शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), म्हणजे ब्रेकची परीक्षा. वाहत्या, मध्यम वेगाच्या वळणांच्या ट्रॅकवर तीच गाडी दिवसभर तक्रार करणार नाही. एका ट्रॅकवर ठीक आणि दुसऱ्यावर पेडल गेलं, तर गाडी बिघडलीच असं नाही.

आणखी एक, जे फार कमी जण बघतात. मागचे पॅड पुढच्यांपेक्षा भरभर झिजतायत का? स्टॅबिलिटी कंट्रोल आणि काही गाड्यांतलं वळणात मदत करणारं यंत्र एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावतं. वळणातून बाहेर पडताना तुम्ही घाईने थ्रॉटल देता, गाडी घसरू बघते, यंत्र ब्रेक लावून सावरतं. लॅपभर हेच चालू राहतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा वळणोवळणी लुकलुकत असेल तर कारण हेच. ही यंत्रणा बंद करा असं मी नवशिक्याला सांगणार नाही. थ्रॉटल उशिरा आणि हळुवार द्या. ट्रॅक मोड (ही यंत्रणा थोडी सैल करणारी सेटिंग) असेल तर तो शेजारी प्रशिक्षक असतानाच वापरा.

ब्रेक ऑइल: निम्म्या तक्रारी इथेच संपतात

ऑइल शेवटचं कधी बदललं? "सर्व्हिसिंगला बघितलं असेल" हे उत्तर आलं की मी पुढचं काही तपासत नाही, आधी ऑइल बदलायला लावतो.

ग्लायकोल जातीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्याच्या प्रती डॉट क्रमांकाने ओळखतात. डॉट ४ च्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे ऑइल नुसतं जुनं झालं की तुमची ६५ ते ८० अंशांची शिल्लक गायब. रस्त्यावर तिथपर्यंत तापमान जात नाही, म्हणून काही जाणवत नाही. ट्रॅकवर कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचं बळ पॅडपर्यंत न पोचता बुडबुडे चेपण्यात खर्च होतं.

गार झाल्यावर वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल परत येतं. म्हणूनच "भास झाला" असं वाटतं. पण पाणी आतच आहे, पुढच्या वेळी ते तितक्याच लवकर उकळणार. माझा नियम साधा आहे: एकदा उकळलेलं ऑइल बदलायचं.

रंगावरून ठरवू नका, पिवळंधमक दिसणारं ऑइलही पाणी प्यायलेलं असू शकतं. गॅरेजमध्ये ऑइल प्रत्यक्ष उकळून मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. दिवे लागणारं पेन ढोबळ अंदाज देतं.

कोणतं घालायचं? कोऱ्या अवस्थेत ३०० अंशांच्या वर उकळणारं, ट्रॅकसाठी बनवलेलं ग्लायकोल जातीचं ऑइल, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतल्या डॉट प्रकाराशी जुळणारं. ते लवकर बदलावं लागतं. नियमित ट्रॅकवर जाणारे मोसमात एकदा तरी पूर्ण बदलतात आणि प्रत्येक दिवसाआधी कॅलिपरमधलं थोडं काढून टाकतात. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं. नावात ५ आहे म्हणून ५.१ च्या जागी ते ओतू नका, या दोन्हींचं मिश्रण चालत नाही. आणि उघडून ठेवलेली जुनी बाटली, कितीही महाग असली तरी, ट्रॅकच्या गाडीत घालू नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पेंट सोलतो.

हवा काढताना

हवा काढणं म्हणजे जुनं ऑइल त्यातल्या बुडबुड्यांसकट कॅलिपरमधून बाहेर काढणं. गाडी स्टँडवर पक्की बसली पाहिजे. नुसत्या जॅकवर चाक काढून हात घालू नका. चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरा. पारदर्शक नळी निपलवर (कॅलिपरवरच्या, ऑइल सोडायच्या छोट्या तोंडावर) बसवा, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. नळीकडे टक लावून बघा: आधी चहासारखं काळपट, मग साखरेच्या कणांएवढे बारीक बुडबुडे, मग स्वच्छ. हे बारीक बुडबुडे दिसले तर पेडल मऊ का होतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरला बहुधा आत-बाहेर दोन निपल असतात. आतलं विसरणं ही नेहमीची चूक.

दोन सूचना. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, हवा एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये गेली की घरी काढणं अवघड होतं. आणि जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा जो भाग कधी वापरलाच गेलेला नाही तिथे गंज असतो, सील त्यावरून घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

पॅड आणि डिस्क

रस्त्यासाठी पॅड निम्मा उरला तरी चालतो, ट्रॅकसाठी निम्म्यावर आला की बदला. जाडी हीच ऑइलची ढाल आहे. पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनला लवकर भेटते. पॅड एका टोकाला दीड-दोन मिलिमीटर जास्त झिजलेला असेल तर तो तिरका बसतो आणि पेडल स्पंजी लागतं. अशा वेळी कॅलिपरच्या सरकत्या पिन अडकल्यात का ते बघा. पिना हाताने सरकायला हव्यात. साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावा.

घट्ट पेडलवाल्यांना मात्र ट्रॅकचे पॅडच घ्यावे लागतात. ते गार असताना कमी धरतात आणि कर्कश वाजतात, ते सोसायची तयारी ठेवा. लावल्यावर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ब्रेक लावत ते डिस्कवर रुळवून घ्या. न रुळवलेला नवा पॅड पहिल्याच सत्रात वायू सोडतो आणि पकड जाते.

डिस्कवर केसांसारख्या बारीक रेषा दिसणं ट्रॅकच्या गाडीत सर्रास असतं. पण भेग कडेपर्यंत पोचली असेल किंवा एका भोकातून दुसऱ्यात गेली असेल तर त्या दिवसाचं ड्रायव्हिंग तिथेच संपलं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. कार्बन-सिरॅमिक डिस्क असेल तर जाडीवर जाऊ नका, तिची झीज वजनावरून ठरते, ते काम जाणकारावर सोपवा.

नॉक-बॅक: ज्याने मला तीनदा फसवलं

एका गाडीची हवा मी तीन वेळा काढली होती. प्रत्येक वेळी पेडल भक्कम, प्रत्येक वेळी ट्रॅकवर पहिला दाब रिकामा. चौथ्या वेळी गाडीमालकाने सहज सांगितलं, "फक्त उजव्या वळणांनंतर होतं." चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं आणि बेअरिंगची टकटक हाताला लागली. तीनदा ऑइल वाया.

म्हणून चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा, मग ९ आणि ३ ला. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका. प्ले नसेल तर हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंज किंवा कचरा बसलाय का बघा, त्याने डिस्क डुलते. तोपर्यंतचा उपाय: कर्ब टाळा आणि सरळ पट्ट्यावर, खरा ब्रेक लावण्याच्या जरा आधी, पेडल हलकेच टेकवून पॅड जागेवर आणा. हा उपाय लक्षण झाकतो, कारण नाही.

एवढं सगळं नीट असूनही पेडल जात असेल तरच हवा खेळवायच्या पाइपांचा आणि मोठ्या ब्रेकचा विचार. त्याआधी कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवा. त्यांचा रंग एकदा बदलला की परत येत नाही, म्हणून सत्रात कॅलिपर किती तापला ते निवांत वाचता येतं. अंदाजावर घेतलेल्या ब्रेकपेक्षा ही पट्टी जास्त सांगते.

इथे हात थांबवा

चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, ऑइलची पातळी पॅड न झिजता उतरतेय, होज पाइप दाबल्यावर फुगतोय किंवा चिरा पडल्यात, एबीएसचा किंवा ब्रेकचा लाल दिवा लागून राहतो, पिस्टनचं रबर जळालंय, बेअरिंगला प्ले आहे. यातलं एकही दिसलं तर मेकॅनिक. दोनदा व्यवस्थित हवा काढूनही पेडल मऊच असेल तरीही. एबीएसमधली हवा काढायला स्कॅनर लागतो, तिसऱ्यांदा हवा काढून काही साधणार नाही. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

जाताना कागदावर लिहून न्या: कितव्या लॅपला झालं, पेडल मऊ होतं की घट्ट, पंप केल्यावर वर आलं का, डाव्या वळणानंतर की उजव्या, ऑइल कोणतं आणि कधी घातलं, पॅड किती उरलेत, पट्टीवर किती अंश आले. "ब्रेक नीट लागत नाही" एवढंच सांगितलंत तर तोही माझ्यासारखाच तीनदा हवा काढेल.